वाचकांचे प्रश्न : बेसची नेक, तिचं लाकूड आणि आतला गज

जयंतीचे आणि लग्नसराईचे कार्यक्रम आटोपले की या सदराकडे बेस गिटारवाल्यांची पत्रं वाढतात. यंदाच्या पत्रांत बहुतेकांची तक्रार एकाच भागाबद्दल आहे : नेक, म्हणजे बॉडीपासून निघणारी, तारांखालची लांब दांडी. म्हणून हा अंक तिलाच दिला आहे.

प्रश्न (नांदेड) : भीमगीतांच्या ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो. बेस चार तारांचा आहे, नेक मेपलची. जी (G) तारेवर पाचव्या-सहाव्या फ्रेटला (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्टीला) सूर उठतो आणि लगेच मरतो. बाकी सगळीकडे ठणठणीत. तारा बदलल्या, पिकअप वर-खाली केला, काही फरक नाही. दुकानदार म्हणतो नेक खराब आहे, कार्बन फायबरची घ्या. खरंच खराब आहे का?

उत्तर : नाही. याला डेड स्पॉट म्हणतात. लाकडी नेक स्क्रूनं बसवलेल्या बहुतेक बेसवर तो थोडाफार असतोच, आणि जी तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटमध्ये तो सर्वांत जास्त सापडतो.

तार दोन टोकांवर टेकलेली असते. ब्रिजकडचं टोक जड बॉडीत घट्ट बसलेलं. दुसरं टोक मात्र एका लांब, सडपातळ पट्टीवर, आणि त्या पट्टीच्या शेंड्याला हेडस्टॉक आणि चार चाव्यांचं ओझं. ही पट्टीही स्वतःच्या ठरावीक गतीनं हलते. जी तारेवर पाचव्या फ्रेटचा सी म्हणजे १३०.८ हर्ट्झ, सहाव्याचा सी शार्प १३८.६, सातव्याचा डी १४६.८. नेकची स्वतःची कंपनसंख्या नेमकी या पट्ट्यात पडली, तर तार आपली ताकद नेकला देऊन बसते. झोक्याला बरोबर वेळेवर लावलेल्या हलक्या हातानं झोका चढतो, तसं. पिकअपला फक्त तारेची हालचाल कळते. नेकनं खाल्लेलं अँपपर्यंत येत नाही.

आधी तपासा, मग पैसे घाला. बेस अँपला जोडा, टोनची चावी पूर्ण उघडा. जी तारेवर पहिल्या फ्रेटपासून बाराव्यापर्यंत एकसारख्या जोरानं एकेक सूर छेडा आणि तो ऐकू येईनासा होईपर्यंतचे सेकंद मोबाइलवर मोजून कागदावर उतरवा. शेजारचे फ्रेट आठ-दहा सेकंद टिकतात आणि एखादाच दोन-तीन सेकंदांत विझतो, तर तो तुमचा डेड स्पॉट. आता सुताराकडचा छोटा सी-क्लॅम्प, साधारण २०० ते ३०० ग्रॅमचा, हेडस्टॉकच्या शेंड्याला लावा. दोन्ही जबड्यांखाली जाड कापड किंवा सायकलच्या ट्यूबचा तुकडा घाला, नाहीतर पॉलिशवर वळ उठेल. पुन्हा मोजा. वजन वाढलं की नेकची कंपनसंख्या उतरते, म्हणून मेलेली जागा खालच्या सुराकडे, नटच्या (हेडस्टॉकपाशी तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या) बाजूला सरकली पाहिजे. सरकली, तर दोष नेकच्या गतीचा आहे. तसूभरही हलली नाही, तर त्या जागचा फ्रेट उचकटलाय का आणि नेकचे चार स्क्रू ढिले आहेत का, ते बघा.

उपाय दोन दिशांनी होतो. हेडस्टॉकच्या मागं पितळी पट्टी बसवली तर मेलेली जागा नटकडे जाते. जड चाव्या काढून हलक्या बसवल्या तर शे-दीडशे ग्रॅम वजन उतरतं आणि ती बॉडीकडे जाते. तुमच्या गाण्यांत जो सूर कमी लागतो, तिकडे तिला ढकला. कायमची ती जात नाही, लाकडी नेकमध्ये तर नाहीच. पैसे न घालता करायचं असेल तर तोच सी शार्प डी तारेच्या अकराव्या फ्रेटवर घ्या. सूर तोच, पण बोट नेकच्या वेगळ्या जागी टेकतं आणि तिथं नेक त्या गतीला तेवढी हलत नाही. लांब टिकवायचा सूर असेल तर हीच सवय लावा. यासाठी नवी नेक घेऊ नका.

प्रश्न (परभणी) : एप्रिल-मे महिन्यात तारा फ्रेटला घासतात, पावसाळ्यात त्याच तारा बोटभर वर जातात. दरवर्षी सेटिंग करून घेतो. फ्रेटची टोकंही उन्हाळ्यात हाताला टोचतात. लाकूडच हलकं आहे का?

उत्तर : लाकूड हलकं असेलच असं नाही. हवा तशी आहे. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी हवेतला दमटपणा वीस-पंचवीस टक्क्यांवर येतो आणि श्रावणात ऐंशीच्या वर चढतो. २५ टक्के दमटपणात पुरेसा काळ ठेवलेल्या लाकडात साधारण ५ टक्के ओल राहते, ८० टक्क्यांत सुमारे १६. पॉलिशमुळे हा बदल सावकाश होतो, थांबत मात्र नाही. नेकचं लाकूड आणि फिंगरबोर्डचं (नेकवर चिकटवलेल्या, फ्रेट बसवलेल्या फळीचं) लाकूड वेगळं असेल तर दोन्ही वेगवेगळ्या प्रमाणात आटतात-फुगतात, आणि चिकटवलेली जोडी वाकते. कुठल्या बाजूला, ते प्रत्येक नेकचं वेगळं. शेजाऱ्याची नेक उन्हाळ्यात पुढं वाकते म्हणून तुमचीही तशीच वाकेल, असं धरून चालू नका.

फ्रेटची टोकं टोचतात, कारण फिंगरबोर्ड रुंदीत आटतो आणि धातूचा फ्रेट आटत नाही. टोकं मे महिन्यात घासून घ्या. त्या वेळी लाकूड सगळ्यांत आटलेलं असतं, म्हणून एकदा केलेलं काम पुढं टिकतं. पावसाळ्यात घासलीत तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा टोचतील.

आता कूलर. बेस स्टँडवर, समोर कूलर, असं चित्र आपल्याकडे घरोघरी दिसतं. दिवसभर बंद खोलीत कोरडी हवा, संध्याकाळी कूलर लावला की ओला झोत थेट नेकवर. ऋतूला जे करायला दोन महिने लागतात, ते तुम्ही रोज करताय. बेस केसमध्ये ठेवा. साबणाच्या प्लास्टिक डबीला वरून दहा-बारा भोकं पाडा, आत स्पंजचा तुकडा भिजवून घट्ट पिळून ठेवा आणि डबी हेडस्टॉकजवळच्या मोकळ्या जागेत बसवा. स्पंजमधून पाणी गळायला नको. चार-पाच दिवसांनी पुन्हा भिजवा. केसमध्ये छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवला तर अंदाज करावा लागत नाही. आकडा ४० ते ५५ मध्ये राहिला की पुरे. पावसाळ्यात स्पंज काढून सिलिका जेलच्या पुड्या टाका.

सेटिंग स्वतः शिकून घ्या. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, शेवटचा फ्रेट बोटानं दाबा आणि आठव्या फ्रेटपाशी ई तारेखाली किती फट राहते ते बघा. ०.३ मिमी हवी. साधं व्हिजिटिंग कार्ड तेवढंच जाड असतं. ते जेमतेम सरकलं पाहिजे, तार उचलली जाता कामा नये. फट जास्त असेल तर ट्रस रॉडचा, म्हणजे नेकच्या आतल्या गजाचा, फिरवायचा नट घड्याळाच्या दिशेनं, कमी असेल तर उलट. एका वेळी पाव फेरा. मग तारा सुरात आणून वीस मिनिटं थांबा आणि पुन्हा मोजा. हा नट फिरवायची चावी बरोबर मापाचीच घ्या. नटात ढिली बसणारी चावी त्याच्या आतल्या कडा गोल करते, आणि एकदा त्या गोल झाल्या की हे काम दहापट महाग होतं.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : अभियांत्रिकीला आहे, मित्रासोबत बेस बनवतोय. मेपलची नेक, दुहेरी (नेक दोन्ही दिशांना वाकवू शकणारा) ट्रस रॉड, आणि दोन्ही बाजूंना कार्बनच्या पट्ट्या घालायच्या आहेत. माप काय घ्यावं? स्टीलच्या पट्ट्या स्वस्त पडतात, त्या चालतील का? कार्बननं आवाज प्लास्टिकसारखा होतो हे खरं का?

उत्तर : आधी वजन. ४ बाय ८ मिमीच्या, ६०० मिमी लांब दोन पट्ट्या धरा. कार्बनच्या दोन मिळून साधारण ६० ग्रॅम, ॲल्युमिनियमच्या १०५, टायटॅनियमच्या १७५, स्टीलच्या ३००. स्टीलचा ताठपणा सुमारे २०० गिगापास्कल, तंतू लांबीच्या दिशेनं असलेल्या कार्बन पट्टीचा १२० ते १४०, मेपलचा १२-१३. म्हणजे स्टील ताठ आहेच, पण ते पाव किलोहून जास्त ओझं बॉडीपासून लांब, मोकळ्या टोकाकडे नेऊन ठेवतं. उभं राहून वाजवताना नेक खाली झुकते आणि डावा हात नेक पेलण्यात अडकतो. तीन तासांच्या कार्यक्रमात ते खांद्याला कळतं. स्टील घालू नका.

पट्टी उभी बसवा, आडवी नको. वाकण्याला होणारा विरोध उंचीच्या घनावर चालतो. तीच ४ बाय ८ ची पट्टी उभी असली तर आडवीपेक्षा चौपट ताठ.

इथं एक चूक होते. पट्टी जितकी उंच तितकी बरी, म्हणून लोक १० मिमीची आणतात. नटपाशी नेक ४० मिमी रुंद आणि फिंगरबोर्डसह २१ मिमी जाड असेल, बोर्ड ६ मिमीचा असेल, तर मध्यरेषेपासून १२ मिमीवर पाठीची गोलाई वजा जाता बोर्डाखाली जेमतेम ११ मिमी लाकूड उरतं. तिथं १० मिमी खोल खाच पाडली तर मागं एक मिमीचा पापुद्रा राहतो, आणि पाठीला आकार देताना कानस थेट कार्बनवर जाते. ट्रस रॉडची खाच ६ मिमीची, म्हणजे मध्यापासून ३. मधे ५ मिमी लाकडाची भिंत, मग ४ मिमीची पट्टी. ती १२ वर संपते, ८ मिमी खोल जाते, मागं पावणेतीन मिमीच्या आसपास लाकूड शिल्लक राहतं. याहून कमी ठेवू नका. नेकचा छेद पूर्ण मापात कागदावर काढल्याशिवाय राउटर चालू करायचा नाही.

अपेक्षाही बेतात ठेवा. पट्टी नेकच्या जाडीच्या मधोमध बसते, आणि वाकताना मधल्या थराला ताण सर्वांत कमी असतो. म्हणून पट्टी मेपलच्या दहापट ताठ असली तरी नेक दहापट ताठ होत नाही. या मापांचं साधं गणित मांडलं तर नेकचा ताठपणा दहा ते वीस टक्के वाढतो. कंपनसंख्या त्याच्या वर्गमुळानं चढते, म्हणजे पाच ते नऊ टक्के. एक सेमीटोन सहा टक्क्यांचा असतो. याचा अर्थ डेड स्पॉट एखादा फ्रेट पुढं सरकेल, नाहीसा होणार नाही. कार्बनचा मोठा फायदा दुसराच आहे : तो ओल पीत नाही, उष्णतेनं लांबीत जवळजवळ वाढत नाही, आणि तारांच्या ७५-८० किलोच्या सततच्या ताणाखाली लाकूड जसं वर्षानुवर्षं हळूहळू दबतं, तसा दबत नाही. परभणीकरांचा प्रश्न वर वाचलात ना? आपल्या भागात पट्ट्या घालण्याचं खरं कारण ते आहे.

चिकटवताना २४ तासांत सुकणारा इपॉक्सी घ्या. पाच मिनिटांचा नको. तो पसरायच्या आत घट्ट होतो आणि साठ अंशांच्या आसपास मऊ पडतो. मे महिन्यात गाडीच्या बंद डिकीत तापमान तिथपर्यंत सहज जातं. खाच पट्टीपेक्षा ०.२ मिमी रुंद ठेवा, अगदी घट्ट बसली तर सगळा इपॉक्सी पुसला जातो. पट्टी १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं खरबरीत करा, मग ॲसिटोननं पुसा, कापडावर काळं येणं थांबेपर्यंत. ट्रस रॉडच्या खाचेवर टेप लावून ठेवा, कारण इपॉक्सीचा एक थेंब तिथं गेला तर रॉड कायमचा जाम. पट्टी लाकडाच्या पातळीत किंवा केसभर खाली बसली पाहिजे. आणि सर्वांत महत्त्वाचं : नेक सपाट, खात्रीच्या पृष्ठभागावर क्लॅम्पनं जखडून २४ तास ठेवा. सुकताना नेक वाकलेली राहिली तर तो बाक कार्बननं पक्का होतो, आणि पुढं ट्रस रॉडला आयुष्यभर त्याच्याशी झगडावं लागतं.

कार्बन हॅक्सॉच्या बारीक दातांच्या पात्यानं कापा, मोकळ्या हवेत, एन-९५ मास्क लावून. पेपर ओला करून घासा. ती काळी भुकटी फुफ्फुसाला वाईट, कातडीला खाजरी, आणि तिच्यातून वीज वाहते. पिकअप आणि सर्किट त्या टेबलावर ठेवू नका.

राहिला प्लास्टिकसारखा आवाज. ही चर्चा पूर्ण कार्बन नेकबद्दलची आहे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत जेफ गूल्ड यांनी अलेम्बिक कंपनीसोबत अशी नेक बेसवर आणली, पुढं त्यांची मॉड्युलस ही कंपनी सुरू झाली. नेड स्टाइनबर्गर यांनी तर हेडस्टॉकच काढून टाकला, म्हणजे टोकाचं ओझंच गेलं. अशा नेकवर सगळे सूर जवळजवळ सारखे टिकतात आणि वरचे स्वरांश लवकर विझत नाहीत. काहींना ते स्वच्छ वाटतं, काहींना कोरडं. आमच्या कानाला स्लॅप आणि पिकनं वाजवायच्या कामाला ती उत्तम, ढोलकीबरोबर गोल, दबका ठोका हवा असेल तिथं लाकूड बरं. तुमच्या दोन पट्ट्यांनी यातलं काहीही होणार नाही. तारा जुन्याच्या नव्या केल्या तर याहून मोठा फरक पडतो.

प्रश्न (अंबाजोगाई) : आजोबांचं माळवदाचं घर उतरवलं. सागवानी तुळया निघाल्या आहेत, शंभरेक वर्षांच्या असतील. त्यातून बेसची नेक होईल का?

उत्तर : होईल, आणि चांगली होईल. सागवान मेपलच्या जवळपास तेवढंच ताठ आणि थोडं हलकं असतं. ओलीनं आटण्या-फुगण्याचं प्रमाण मेपलच्या साधारण निम्मं. आपल्या हवेला हा गुण सोन्यासारखा. तुळई इतकी वर्षं छपराखाली राहिल्यानं लाकडाला जे वाकायचं-तडकायचं होतं ते बरंचसं होऊन गेलेलं असतं.

निवड मात्र डोळ्यांत तेल घालून करा. माळवदावर मातीचा थर असतो. जिथं पाणी मुरलं तिथं तुळईचा वरचा भाग कुजका किंवा वाळवीनं पोखरलेला सापडतो. सुरीचं टोक खुपसून बघा, सहज आत गेलं तर तो भाग टाकून द्या. खिळे काढा, मग जोरदार लोहचुंबक सगळ्या बाजूंनी फिरवा. आत तुटून राहिलेला एक खिळा रंध्याचं पातं खातो. तुळईच्या टोकाला वर्षवलयं दिसतात. ती फिंगरबोर्डच्या पातळीला उभी येतील अशी पट्टी कापून घ्या, आणि रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ धावली पाहिजे. गाठीपाशी रेषा वळते, तिथंच नेक पुढं पिळते. एका अखंड तुकड्याऐवजी तीन पट्ट्या कापा, मधली उलटी फिरवा आणि चिकटवा. एकीचा पिळ दुसरी रोखते.

कापल्यावर लगेच आकार देऊ नका. नेकच्या मापापेक्षा पाच-सहा मिमी जाड ठेवून तीन-चार आठवडे घरात पडू द्या, वाकलं तर रंधून सरळ करा, मग पुढं जा. सागवान तेलकट आहे. चिकटवायच्या बाजू ताज्या रंधून ॲसिटोननं पुसा आणि तासाभराच्या आत चिकटवा. आदल्या दिवशी रंधून ठेवलेल्या बाजूवर तेल परत वर येतं आणि सांधा सोलून निघतो. सागवानात वाळूसारखे सिलिकाचे कण असतात, पटाशीची धार वारंवार लावावी लागेल. फिंगरबोर्डाला शिसव घाला, तुमच्या तालुक्यातल्या जुन्या सुताराकडे तुकडा सापडेल. ट्रस रॉड मात्र हवाच. जुनं लाकूड आहे म्हणून रॉडशिवाय चालेल असं सांगणाऱ्याचं ऐकू नका.

आवाजाचं म्हणाल तर मेपलपेक्षा ठोका किंचित मऊ लागेल. दहा फुटांवर बसलेल्याला तो फरक सांगता येणार नाही.

प्रश्न (लातूर) : जुन्या बाजारात ॲल्युमिनियमच्या नेकचा बेस मिळतोय. घ्यावा का?

उत्तर : वाजवून बघा, सूर लांब टिकतो. पण उचलूनही बघा, आणि उघड्यावरच्या स्टेजचा विचार करा. ॲल्युमिनियम तापमानानं पोलादी तारेच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. उन्हातून सावलीत आणला की सूर हलतो, मधे ट्यूनर लागतोच. १९७० च्या दशकातल्या अशा नेकना सहसा ट्रस रॉड नसे. त्यामुळं आठव्या फ्रेटची फट आहे तशीच स्वीकारावी लागते. ती मोजल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्रश्न (उदगीर) : पाच तारांचा बेस घ्यायचाय. बी तार लिबलिबीत वाजू नये म्हणून ३५ इंची स्केल (नट ते ब्रिज तारेची लांबी) घ्यावं, की कार्बन पट्ट्या असलेलं ३४ इंची?

उत्तर : त्याच तारेला, त्याच सुरात, ताण स्केलच्या वर्गानं वाढतो. ३४ चे ३५ केले की सहा टक्के. तेवढाच ताण .१३० ऐवजी .१३५ ची बी तार घेऊनही मिळतो. कार्बन पट्ट्यांनी तारेचा ताण वाढत नाही. चार तारांवरून येताय, तर हाताला ३४ सोयीचं. नेक तीन किंवा पाच पट्ट्यांची जोडलेली असेल तर ती घ्या. दुकानात बी तारेचा पाचवा फ्रेट आणि ई तार मोकळी, असे एकच सूर पाठोपाठ वाजवा. दोन्हींत फार अंतर वाटलं तर दुसरा नग मागा.

प्रश्न (जालना) : चर्चच्या गायनवृंदात वाजवतो. ट्रस रॉड सैल केल्यापासून काही सुरांना नेकच्या आत काहीतरी झणझणतं. फ्रेट तपासले, ठीक आहेत.

उत्तर : तो रॉडच आहे. दुहेरी रॉड दोन्ही बाजूंनी सैल अवस्थेत आला की खाचेत मोकळा राहतो आणि ठरावीक सुरांना वाजतो. तारा हातानं दाबून नेकच्या पाठीवर बोटाच्या पेरानं नटपासून खालपर्यंत ठोकत जा. जिथं कडकड ऐकू येईल तिथं रॉड लाकडाला टेकलेला नाही. रॉडचा नट हळूच फिरवा, हाताला पकड लागली की पुढं पाव फेरा, आणि पुन्हा ठोकून बघा. एवढ्यानं बहुतेक वेळा आवाज बंद होतो. मग आठव्या फ्रेटची फट मोजा. ती ०.३ च्या खाली गेली, तर नट विरुद्ध बाजूला नेऊन दुसऱ्या दिशेची पकड शोधा. दुहेरी रॉडला दोन्हीकडे पकड असते. तरीही फट जमत नसेल तर तारा एक नंबर जाड लावा, ताण वाढून नेक पुढं येईल आणि रॉड घट्ट ठेवता येईल. नेक उघडून रॉडवर उष्णतेनं आवळणारी नळी चढवणं हा पक्का उपाय. पण त्यासाठी फिंगरबोर्ड उचलावा लागतो, तेव्हा आधीचे तीन उपाय करून झाल्याशिवाय तिकडे वळू नका.